नांगराची जाहिरात

मस्कतच्या एका वर्तमानपत्रात नोकरीला होतो, तेव्हाची गोष्ट. इब्रा गावच्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, एका वृद्ध ओमानी दुकानदाराचे वडील ब्रिटिश अमलातल्या केनियात लोहार होते. त्यांच्या पेटीत सापडलेलं इंग्रजी वर्तमानपत्राचं पान त्याने दुकानात चौकटीत लावलं होतं. त्यावर नांगराचं चित्र होतं. ही वडिलांच्या दुकानाची जाहिरात, असं तो सगळ्यांना सांगे. इंग्रजी त्याला येत नव्हतं; माझ्याशी तो हिंदीत बोले.

एकदा माझ्या पेल्यात कावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतताना तो म्हणाला, "अखबारवाला, पढो. बाप का नाम किधर है?"

जाहिरात केनियात वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांसाठी होती: नांगर, मक्याचं बियाणं, गुरांच्या गोचिडांवर औषध. नाव एका इंग्रज व्यापाऱ्याचं होतं. उत्तर टाळायला मी तिथल्या रीतीप्रमाणे 'पुरे' या अर्थी पेला हलवला. त्याने तरीही तो भरला.

"नाम नहीं है, बाबा. दुकान अंग्रेज की है. नीचे लिखा है, हल की मरम्मत होती है."

त्याने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मरम्मत कौन करता था? साहब? साहब को हथौडा पकडना आता था?"

आणि ती ओळ नेमकी कुठे आहे, ते त्याने मला काचेवर बोट ठेवून दाखवायला लावलं.