उतरवलेली अक्षरं

आमच्या शेजारच्या बाई गावच्या सरपंच होत्या. बोलणं तडक, आणि बोलून झालं की समोरच्याला "मंग?" असा सवाल. मुदत संपली त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्या अंगणात गाडीमागे बसल्या. मागच्या दारावरची 'सरपंच' ही अक्षरं गरम पाण्याच्या फडक्यानं शेकत आणि मासे धरायच्या नायलॉन दोरीनं एकेक सोडवत होत्या.

त्यांचे यजमान कळवळले. "राहू दे ना! नाक्यावर कोणी अडवत नाही."

"मी खुर्चीवरून उतरली, तं अक्षरं कायले राहतील? मंग?"

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या गाडीतून अर्जुनीला निघालो. नाक्यावर पोलिसानं हात दाखवलाच. गाडी चालवणाऱ्या यजमानांचा चेहरा पडला. बाईंनी काच खाली केली, कागद पुढे केले आणि मोकळं हसून म्हणाल्या, "पाहा भाऊ, बराबर पाहा."