नियमातून पळून दाखवा म्हणणाऱ्या शैलजाताई

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट पनवेलच्या वाचनालयात झाली. माझे यजमान जासईच्या एका कंटेनर यार्डात मागे येणाऱ्या ट्रेलरखाली गेले, त्याला तेव्हा वर्ष होत आले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनाची सवय मात्र लहानपणापासून. ग्रंथपालांकडे मी ट्रेलरचा कायदा मागत होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारले, "कायदा वाचायचाय, की त्याच्यावर रागवायचंय?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"मग रविवारी घरी या. आमच्याकडे दोन्ही चालतं."

ताईंनी नोकरीची सगळी वर्षे सरकारसाठी कायद्यांचे मसुदे लिहिले आणि निवृत्तीनंतर कायदा कसा घडतो, पुढे त्याचे काय होते, हे शिकवले. त्यांच्या विद्वत्तेविषयी पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी पाहिले तेवढे सांगते. सरकार नियमाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध करते. आपण कुणी तो वाचत नाही. ताई तो घरच्या बैठकीत मोठ्याने वाचतात आणि म्हणतात, "आता यातून पळून दाखवा." पळवाट काढणाऱ्याला लाडू मिळतो आणि ताई ती वाट बुजवतात.

मी जाऊ लागले तेव्हा यार्डांमधल्या सुरक्षेच्या नियमांचा मसुदा आला होता. त्यात पुरेशी काळजी घ्यावी, एवढेच होते. ताईंनी सूचना लिहिली: ट्रेलर मागे घेताना इशारा द्यायला एक माणूस उभा असावा. जासईचे ट्रेलरचालक गणपत पाटील त्या दिवशी पळवाट काढायला खोटेखोटे यार्डाचे मालक झाले होते.

"माणूस उभा करतो की! त्यालाच गेटवरच्या गाड्या पन बघाला लावतो."

"घ्या लाडू," म्हणत ताईंनी पुढे लिहिले: त्या वेळी त्याला दुसरे काम देऊ नये.

"आनि ड्रायव्हरला तो दिसलाच नाय तर?"

"गणपतराव, तुम्हाला साखर आहे ना?" दुसरा लाडू मिळाला नाही, पण वाक्य जोडले गेले: इशारा देणारा दिसेनासा झाला की गाडी थांबवावी.

सगळे हसले. मला हसू आले नाही. मी विचारले, "हे आधी असतं, तर आमचे हे वाचले असते?"

पाटील खाली बघू लागले. ताईंनी पेन ठेवले. "कदाचित. नियम असूनही माणसं जातात, तेही मी पाहिलंय. आणि हा नियम झाला तरी तो मागे जाऊन तुमच्या यजमानांना लागू होणार नाही. तो पुढच्या माणसासाठी आहे."

यजमानांच्या मरणाची कायद्याने दखल घ्यावी, एवढ्यासाठी मी तिथे गेले होते. मग मी जाणेच सोडले.

एके दुपारी ताई रिक्षाने आमच्या कोन गावातल्या घरी आल्या. मी मोड आलेले वाल सोलत होते. त्याही सोलू लागल्या. कायद्याचे नावही काढले नाही. "यजमानांना आवडायचं का बिरडं?" एवढेच विचारले. मग मी त्यांच्याविषयी बोलत राहिले. निघताना ताई म्हणाल्या, "सूचना पाठवायचीय. आधी तुम्ही एकदा तिच्यातून पळून बघा."

मी पुन्हा बैठकीला गेले. सांत्वन पुष्कळांनी केले, त्यातले फारसे आठवत नाही. ताईंचे 'कदाचित' म्हणणारे ते खरे उत्तर मात्र आजही मला उपयोगी पडते.

पुढे नियम झाला. आमच्या सूचनेतला माणूस आला, त्याला दुसरे काम देऊ नये हेही आले; गाडी थांबवण्याचे वाक्य गळले. आम्ही पेढे वाटायला निघालो, तर ताई छत्री घेऊन जासईला यार्डाच्या फाटकाबाहेर जाऊन उभ्या!

"ताई, झाला ना कायदा? आता घरी बसा," आम्ही तिथे पोचल्यावर पाटील म्हणाले.

"छापला गेलाय. पाळला जातो का, ते बघू दे."

एक ट्रेलर मागे येत होता. नारिंगी जाकिटातल्या माणसाने शिटी वाजवून हात वर केला. ट्रेलर थांबला. मागून एक कामगार डबा हलवत, फोनवर बोलत निघून गेला. त्याने वळूनसुद्धा पाहिले नाही. मी ताईंचा हात घट्ट धरला. त्या त्या कामगाराकडेच बघत होत्या.

ताईंना आता पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. गळलेल्या वाक्यासाठी त्यांनी पुन्हा लिहिले आहे. ते नियमात येईपर्यंतची आणि यार्डात पाळले जाईपर्यंतची सगळी वर्षे त्यांना धडधाकट लाभोत. त्यानंतर स्वस्थ बसायलाही पुष्कळ मिळोत. त्या बसतील, असे मला वाटत नाही.