बाबांनी न पाहिलेला थायलंड

चंद्रपूरला आमच्या वस्तीतल्या विहारातली बुद्धमूर्ती थायलंडच्या लोकांनी दिलेली आहे. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा ती आली. नागपूरहून ट्रकमध्ये, गाद्यांत गुंडाळून. मूर्तीला दोन्ही हातांनी धरून ट्रकमध्ये उभ्या राहिलेल्या माणसांत माझे बाबा होते. सोबत एक भन्ते आणि दोन थाय बाया आल्या होत्या. त्या बाया आमच्या घरात जमिनीवर बसून वरण-भात जेवल्या. त्यांनी कुणाला आडनाव विचारलं नाही, बाप काय करायचा ते विचारलं नाही. निघताना त्यांतली एक रडली. बाबा कागद कारखान्यात बॉयलरवर होते, साठ माणसांचा आवाज दाबून टाकणारा त्यांचा आवाज, पण त्या दिवसाबद्दल ते नेहमी हळू बोलत. “न विचारता देणारे लोक हायेत ते,” म्हणत. “तो देश पाह्यल्याशिवाय मी काही मरत नाही.”

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुठंही सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही. जर्मनीत नेकारसुल्मला नोकरी लागली, गाड्यांच्या एक्झॉस्टचं डिझाइन करायची, तेव्हा पहिली गोष्ट ठरवली ती ही, की बाबांना थायलंड दाखवायचा. उन्हाळ्यात त्यांनी तीन महिने माझ्याकडं यायचं, परत जायचं, आणि हिवाळ्यात मी रजा टाकून त्यांना घेऊन बँकॉकला जायचं. तिथून जुनी राजधानी, तिथून आणखी वर उत्तरेला. गावातल्या राइझेब्युरोतून, म्हणजे सहलींच्या दुकानातून, जाडजूड रंगीत पुस्तिका आणून ठेवली होती. मी कामावर गेलो की बाबा बाल्कनीत बसून ती चाळत. समोर द्राक्षाच्या बागांची टेकडी, पण ते बघायचे विटांचे पडके स्तूप आणि वडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं डोकं. जर्मन त्यांना येत नव्हतं. चित्रं येत होती.

त्या वेळी आमच्या ऑफिसात आणखी एक मराठी होता. पुण्याचा. स्वभावानं मोकळा, मदतीला पुढं. मला फ्लॅट मिळवून देताना घरमालकिणीशी तासभर बोलला होता, बाबांना आणायला फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्याचीच गाडी आली होती. हे सगळं खरं. आणि हेही खरं, की ओळख झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये त्यानं मला विचारलं होतं, “चंद्रपूर ते कळलं रे, पण मूळचे कुठले? हे आडनाव तुम्ही नंतर लावलं का?” मी सांगितलं, नाही, पहिल्यापासून हेच आहे. दोन दिवसांनी पुन्हा वळसा घालून तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मीच म्हटलं, “आम्ही बौद्ध.” तो म्हणाला, “अरे, मला काय फरक पडतो?” मग विचारलं कशाला, हे मी त्या दिवशी मनात ठेवलं.

फ्रँकफर्टच्या बाजूला एक थाय विहार आहे, हे त्यालाच कळलं. इंटरनेटवर सापडलं म्हणाला. आषाढी पौर्णिमेच्या जवळच्या रविवारी तिथं मोठा कार्यक्रम होता. “काकांना ट्रायल म्हणून दाखवू या,” तो म्हणाला. “थायलंडचं थायलंड, पेट्रोलच्या खर्चात.”

बाबांनी आदल्या दिवशी पांढरा सदरा स्वतः इस्त्री केला. सकाळी गाडीत बसल्यावर त्या पुणेकराची बायको मागं वळून म्हणाली, “काका, मुहूर्त बघा किती छान. गुरुपौर्णिमा.”

“हो बाई,” बाबा म्हणाले. “आमचा वर्षावास सुरू होते, भन्तेयचे पावसाळ्याचे तीन महिने.”

“तेच ना. एकच दिवस.”

बाबा हसले. तेवढ्यावर हसण्याइतके ते त्या दिवशी खूश होते.

विहार म्हणजे औद्योगिक वसाहतीतली एक जुनी इमारत. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला फरशांचं गोदाम. पण फाटकातून आत गेलं की वेगळीच हवा. अंगणात बाया शेगडीवर मांस भाजत होत्या, कच्ची पपई कुटत होत्या. त्यांचे जर्मन नवरे कडेच्या बाकांवर कॉफीचे कप धरून बसले होते, लग्नघरात जावई बसतात तसे. वरच्या मजल्यावर मोठा हॉल, लाल गालिचा, आणि समोर सोनेरी बुद्ध. मूर्तीची ती बारीक जिवणी आणि डोक्यावरची ज्वाला पाहून बाबा दारातच थांबले. “आपलीच हाये,” म्हणाले. “आपल्या विहारातली. मोठी केली फक्त.”

भन्ते वयस्कर होते. बाबांनी तीन वेळा पंचांग प्रणाम केला. पाठीत चमक असूनही तिन्ही वेळा कपाळ जमिनीला टेकवलं. मग वंदना सुरू झाली, आणि बाबांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. शब्द तेच होते. पाली. बुद्धं सरणं गच्छामि. चाल निराळी, सपाट, शेवटी सोडून दिल्यासारखी, पण शब्द तेच. बाबा म्हणायला लागले. बॉयलरवाला आवाज. पुढच्या ओळीतल्या बाया वळून पाहायला लागल्या. पंचशील संपलं तेव्हा भन्ते त्यांच्याकडं पाहून हसले आणि हातानं खूण करून त्यांना पुढं बोलावून बसवलं, आता तुम्ही म्हणा. बाबांनी आमच्या चालीत बुद्धपूजा म्हटली, डोळे मिटून, अख्खी.  संपल्यावर हॉलमधल्या दीडशे माणसांनी हात जोडले.

माझ्या बापाला आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसांनी भरलेल्या देवस्थानात पुढं बसवलं होतं. मी ते पाहिलं. पुढं जे झालं त्यानं ते खोटं ठरत नाही, म्हणून आधी लिहून ठेवतो.

जेवणं झाली. पुढच्या ओळीतली एक बाई, पन्नाशीची, लेसचा पांढरा ब्लाउज घातलेली, बाबांच्या मागंमागंच होती. त्यांना चिकट भात वाढला, आंबा कापून दिला. तिची जर्मन तुटकी होती, माझीही फार भारी नव्हती, त्यामुळं आमचं छान जमलं. तिनं विचारलं, हे इंडियातून आले का? मी म्हटलं, हो, माझे वडील. तिचा चेहरा उजळला. ती बाबांना हाताला धरून म्हणाली, “कॉम, कॉम.” चला, तुम्हाला एक दाखवते. खास तुमच्यासाठी.

इमारतीच्या मागं, कुंपणाला लागून, एक छोटं मंदिर होतं. आरशाच्या तुकड्यांनी मढवलेलं, ऊन पडून लखलखणारं. आत सोन्याच्या रंगाचा चार तोंडांचा ब्रह्मदेव. पायाशी लाकडी हत्ती, झेंडूच्या माळा, आणि लाल सरबताच्या बाटल्या, झाकण काढून, प्रत्येकीत नळी घालून. शेजारी गणपती. बाईनं उदबत्त्या पेटवल्या, बाबांच्या हातात दिल्या आणि अभिमानानं म्हणाली, “इंडिश.” तुमचे.

माझे आजोबा दीक्षा घेऊन आले त्या संध्याकाळी त्यांनी घरातले देव टोपलीत भरले आणि नदीत सोडले. टोपली बाबांच्या डोक्यावर होती. दहा वर्षांचं पोर. देव पितळेचे होते, जड होते, आणि वाटेत एक जण म्हणाला, पितळ तरी ठेवून घ्या. आजोबा म्हणाले, पितळासकट. हे आमच्या घरात सणाला सांगितलं जातं, इतरांच्या घरात पुराण सांगतात तसं. तेच बाबा त्या कुंपणापाशी तीन उदबत्त्या धरून उभे होते आणि धूर त्यांच्या सदऱ्यावर जात होता.

मी बाईला सांगायला गेलो. “आम्ही हिंदू नाही. आम्ही बौद्ध आहोत.”

“हो, हो,” ती हसून म्हणाली. “आम्ही पण.” आणि ब्रह्मदेवाला हात जोडले.

दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा जर्मनमध्ये कशा सांगायच्या? मी प्रयत्न केला. हा देव आम्ही सोडला. सोडला म्हणजे? मानत नाही. का? त्याच्या देवळात आम्हाला जाऊ देत नव्हते. ती गोंधळली. म्हणाली, पण इथं तर येऊ देतात. कुणालाही.

बाबांनी उदबत्त्या दोन्ही हातांनी तिला परत दिल्या. “घे बाई,” म्हणाले, मराठीतच. “मले नको.” तिला वाटलं, म्हातारा दमला. ती धावत जाऊन खुर्ची घेऊन आली, नेमकी ब्रह्मदेवासमोर मांडली, आणि त्यांना खांदे धरून बसवलं. बाबा बसले. त्या बाईचा अपमान त्यांना करवेना.

तोवर आमचा पुणेकर आणि त्याची बायको मागून आले होते. तो खराच हरखला. “आयला, बाप्पा!” चपला काढल्या, बायकोच्या हातात कॅमेरा दिला, गणपतीजवळ उभा राहून फोटो काढून घेतला. मग उदबत्ती लावली, डोळे मिटले.

“काका,” डोळे उघडून तो म्हणाला, “बघा या लोकांचं मन किती मोठं. बुद्ध पण आणि आपले देव पण. कसली भांडणं नाहीत. आपल्याकडंच सगळं तोडून ठेवलंय. तसं बघायला गेलं तर बुद्ध म्हणजे नववा अवतारच ना शेवटी?”

त्याची बायको हळूच म्हणाली, “अरे, राहू दे.”

बाबा खुर्चीतच होते. म्हणाले, “मन मोठं हाये त्यायचं. मी नाही म्हणत नाही. पण त्यायच्या बापाले या देवाच्या दारातून हाकललं नव्हतं बेटा. म्हणून परवडते.”

“अहो काका, ते सगळं जुनं झालं. आता कोण विचारतं? इथं जर्मनीत तर कोणीच नाही.”

“तू विचारलंस,” मी म्हटलं. “तीनदा.”

तो लाल झाला. त्याला आठवलं, हे मला दिसलं. त्याची बायको कॅमेरा पिशवीत ठेवायला लागली, आणि ठेवून झाल्यावरही पिशवीत काहीतरी शोधत राहिली. थाय बाई आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं पाहत होती. तिला वाटलं असणार, बाप-लेकाचं काहीतरी बिनसलं. तिनं ब्रह्मदेवापुढची एक लाल बाटली उचलून, नळीसकट, बाबांपुढं धरली. ऊन फार होतं. बाबांनी ती घेतली नाही, पण तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिकडं कुणाच्या डोक्याला हात लावत नाहीत, हे मला पुढं कळलं. ती मात्र तशीच उभी राहिली.

परतीच्या वाटेवर गाडी पाऊण तास ऑटोबानवर, म्हणजे महामार्गावर, पळत होती. मग पुणेकराच्या बायकोनं मागं वळून डबा पुढं केला. “काका, खिचडी घ्या ना. सकाळी केलीय.” बाबांनी घेतली, खाल्ली, चांगली झाली म्हणाले. अन्नाला नाव ठेवायची आमच्यात पद्धत नाही.

घरी आल्यावर त्यांनी सदरा बदलला आणि सहलीची पुस्तिका घेऊन टेबलाशी बसले. “आतापर्यंत चित्रंच पाह्यली,” म्हणाले. “खाली काय लिवलं हाये ते वाच.”

मी वाचायला लागलो. राजवाडा. राजवाड्याच्या आवारातल्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलेलं आहे. राजांना राम म्हणतात, पहिला, दुसरा, तिसरा. जुन्या राजधानीचं नाव अयोध्येवरून ठेवलेलं आहे. चार ओळी गाळल्या असत्या तर बाबांना काही कळलं नसतं. पण ज्याला अक्षर येत नाही त्याला आपल्या सोयीचं वाचून दाखवायचं, हे आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या भोगलंय. तेवढ्यासाठी मी शिकलो नव्हतो. सगळं वाचलं.

“म्हणजे त्या पडक्या स्तुपायच्या गावाचं नाव अयोध्या.”

“त्यावरून. पण बाबा, स्तूप बुद्धाचेच आहेत. हजारो विहार आहेत तिथं. आणि लोक चांगले आहेत, आज पाहिलंत ना?”

“लोक चांगलेच हायेत. आज त्या हॉलमंदी मले जेवढा मान भेटला तेवढा गावात नाही भेटला. लोकायचं काही नाही रे.” त्यांनी पुस्तिका मिटली. “मले वाटे, जगात कुठंतरी एक देश असा असंल जिथं हे देव नाहीतच. जिथं कोणाले बुद्धाकडं नवीन यायलाच नाही लागत, काही सोडायलाच नाही लागत. तसा नाही, हे समजलं. आता काय पाहू?”

मी वाद घातला. तुम्ही देश बघायचा की देशाची जात तपासायची, असंही म्हणालो. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला दुसऱ्या दिवशी पुन्हा विषय काढता आला असता. “तिकीट काढलं का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. “मग काढू नको.” आणि उठून भात लावायला गेले.

सप्टेंबरात ते परतले. विहारात त्यांनी फक्त हॉलमधलं सांगितलं, असं आई फोनवर म्हणाली. जर्मनीत थाय भन्ते भेटले, आपलेच शब्द म्हणतात, मला पुढं बसवलं. ऐकून वस्तीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. कुंपणापाशी काय झालं ते त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात थायलंडला गेला तो आमचा पुणेकर. आमच्यात बोलणं चालू होतं, पण कामापुरतं. परत आल्यावर एक दिवस कॅन्टीनमध्ये लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला आणि फोटो दाखवायला लागला. रामायणाच्या भिंती. समुद्रमंथन, विमानतळावर, एवढं मोठं. चौकाचौकात ब्रह्मदेव, गणपती, विष्णू. तो उन्हानं काळा पडलेला होता, खूश होता, आणि माझ्याशी पूर्वीसारखं व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं, हेही कळत होतं.

“काय सांगू तुला,” तो म्हणाला. “परदेशात आहोत असं वाटलंच नाही. एकदम घरी गेल्यासारखं. काकांनी उगाच नकार दिला. त्यांना आवडलं असतं.”

मी फोटो पाहत होतो. हा कुठंही गेला तरी ह्याचं घर ह्याच्या आधी तिथं पोचलेलं असतं.

“त्यांना घरापासून लांब जायचं होतं,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

मी ताट उचललं. त्याला समजावून सांगायचा कंटाळा मला त्या दिवशी पहिल्यांदा आला, आणि तो अजून गेलेला नाही.