आडाजवळचा तेरडा

आई गेली त्या माघापासून माझे शनिवार-रविवार रस्त्यावर जाऊ लागले. सांगलीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरीला होते आणि माधवनगरला एका खोलीत राहत होते. शनिवारी दुपारी साताऱ्याची एस.टी. धरायची, रविवारी संध्याकाळी परत फिरायचं. साताऱ्यात किल्ल्याच्या उताराला लागून आमचं घर होतं आणि तिथे आता माझे वडील, आबा, एकटे होते.

सांगलीत असले की साताऱ्याचं आतून कडी लावलेलं दार डोळ्यांपुढे यायचं. साताऱ्याला पोचल्यावर तासाभरातच परतीच्या गाडीची आठवण सुरू व्हायची. पुस्तक उघडलं तर एकच पान पुनःपुन्हा वाचलं जाई. उठून पाणी प्यायचं, खिडकीशी जायचं, परत येऊन तेच पान. आयुष्यभर वाचनाचा आधार घेतलेल्या मला तो आधार नेमक्या त्या वेळी मिळेना.

चैत्रात आबा ओट्यावर चक्कर येऊन पडले. शेजारच्या मावशींनी त्यांना आत नेलं, कांदा हुंगवला. चहा आणि पाव यांखेरीज ते काही खात नव्हते, हे मला मावशींकडूनच कळलं. मी म्हटलं, "आबा, आता सांगलीला चला. इथे तुम्हाला एकटं ठेवून मला तिकडे सुचत नाही."

"येतो की," आबा म्हणाले. "पर ती मागची बाग अशी टाकून न्हाई यायचो. बराक सोडताना झाडून-पुसून चार्ज द्यायचा असतो."

आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. घरात बोलणं गावाकडचं आणि शिस्त छावणीतली. त्यांनी अट घातली म्हणजे ती पाळली जाणार, हे मला माहीत होतं. बाग साफ झाली की आबा सांगलीला येणार. मग मीही बागेच्या मागे लागले.

बाग आईची होती. तिच्या आजारपणात दोन पावसाळे तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. मागचं दार उघडायला गेलं की बाहेरून घाणेरी ते ढकलून धरी. जाईने मांडव सोडून लिंबावर चढाई केली होती. मोरीच्या पाण्यावरचा अळू डोक्यावर धरता येईल एवढ्या पानांचा झाला होता. आणि या सगळ्यांतून गाजरगवत. हे तेव्हा आमच्याकडे नवीन होतं. रेशनच्या गव्हातून आलं, असं लोक म्हणत. गाजरासारखी पानं, बारीक पांढरी फुलं, आणि हाताला लागलं की कोपरापर्यंत पुरळ. सोमवारी ग्रंथालयात मी लांब बाह्यांचं पोलकं घालून पुस्तकं देत-घेत असे. खाज सुटली की कपाटाच्या आड जायचं.

आबा कोयता घेऊन कुंपणापासून सरळ रेषेत आत येत. मी खुरपं घेऊन एका जागी बसे. गवताखाली अबोलीचा एक खुंट सापडला, पुढे गवती चहाचा गड्डा, मग वाळलेली शेवंती, तिच्या बुडाशी हिरवे कोंब.

"तू बाग साफ करतीस का हजेरी घेतीस?" आबा विचारत.

"हे आईनं लावलंय, आबा."

"समदंच तिनं लावलंय. मग काय, समदंच ठिवू?"

काम लवकर संपावं असंही वाटे, आणि कोयता एखाद्या झुडपापाशी गेला की जीव कासावीस होई. आठवड्याभराने परत यावं तर साफ केलेल्या जागेवर पुन्हा हिरवी लव. आषाढात ती दोन दिवसांत बोटभर वाढे. सांगलीत पाऊस लागला की मी खिडकीत उभी राहून साताऱ्याच्या गवताचा विचार करी. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणत, "बाई, तुमचं लक्ष नाही." खरंच नसे.

श्रावणातल्या एका शनिवारी पोचले तर मागचं दार सताड उघडं होतं आणि बाग संपली होती. आठवडाभर आबांनी एकट्याने कोयता चालवला होता. घाणेरी नाही, गाजरगवत नाही, अळूसुद्धा नाही. जाईचा गुडघाभर खुंट आणि लिंबू तेवढे उभे. मधून सरळ पायवाट, दोन्ही कडांना विटा तिरप्या रोवलेल्या, एक गेरूची, एक चुन्याची, छावणीत असतात तशा. पाठीमागच्या आडाभोवती पावसाळ्यात रोपांची दाटी व्हायची, तिथे कुदळीने उलथलेली काळी माती होती.

"आता इनस्पेक्शनला कोन बी यिऊ दे," आबा म्हणाले. "म्होरल्या आठवड्यात निघू."

मला हवं होतं ते झालं होतं. मी त्या पायवाटेवरून आडापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. डोळा कुठेच टेकत नव्हता.

रविवारी सकाळी शेजारच्या मावशी फुलं न्यायला मागच्या फाटकातून आल्या आणि फाटकातच थांबल्या. आईला त्या अक्का म्हणत, म्हणून आबा त्यांचे दाजी. चेष्टेचं नातं आणि तोंडही तसंच.

"आवं दाजी, हे काय परेडचं मैदान केलंसा का काय?"

"कशी झालीया?"

"झालीया ब्येस. पर आडाजवळचा तेरडा कुठं हाय?"

"कसला तेरडा? रान हुतं. काढलं."

मावशी आडाजवळ गेल्या, मातीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "गौरीचं कोर्टमार्शल केलंत की वो. आता आळीतल्या बायकांनी गौर कुठनं आणायची?"

आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याची रोपं, मुळांसकट. मुळं ही गौरीची पावलं. ती पाण्याजवळून आणायची असते. नळ आल्यावर आळीतले बाकीचे आड बुजले होते आणि आमचा तेवढा राहिला होता. म्हणून भाद्रपदात साऱ्या आळीच्या गौरी आमच्या परसातून निघत. लहानपणापासून मी हे पाहिलं होतं. पण त्या वर्षी घरात दुःख, सण करायचा नाही. आपल्याकडे गौर नाही, एवढंच डोक्यात होतं. तेरडा त्या विचाराबरोबरच पुसला गेला होता.

"आमच्यात औंदा गौर न्हाई," आबा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"तुमच्यात न्हाई, आमच्यात हाय की. आन् आडाला कसलं सुतक?"

मावशी गेल्यावर आबा आडाच्या कठड्यावर बसून राहिले. चहा निवला. मग त्यांनी मला विचारलं, "तिनं हे कवा लावलं हुतं?"

"लावलं नव्हतं. आपोआप उगवायचं. आई नुसता तो कोपरा सोडून द्यायची."

आबा आत जाऊन पोतं आणि कुदळ घेऊन आले आणि फाटकाबाहेर पडले. मी त्यांच्यामागे निघाले. भुरभूर पाऊस होता. किल्ल्याच्या उतारावर तेरडा रानोमाळ वाढला होता, अजून फुलावर आला नव्हता. आबा प्रत्येक रोपाच्या सभोवती माती सोडून कुदळ मारत आणि मातीचा गोळा दोन्ही हातांनी उचलून ओल्या पोत्यावर ठेवत. मध्येच थांबून दम खात. मी म्हटलं, "मी खणते." ते म्हणाले, "तू धर."

संध्याकाळपर्यंत आडाजवळ रोपं लागली. रांगेत, उंचीप्रमाणे. सगळ्यांनी माना टाकलेल्या. मला त्याच संध्याकाळी सांगलीला परतायचं होतं. गाडीत सबंध वाट मी त्या माना आठवत आले. तो आठवडा सरता सरेना. निघायचं आता कधी, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

पुढच्या शनिवारी निम्मी रोपं मेली होती. आबांनी उतारावरून दुसरी आणून रिकाम्या जागा भरल्या होत्या. मावशी फाटकाशी उभ्या राहून सूचना देत होत्या. "दाजी, गौर हाय ती, रिक्रूट न्हवं. जरा वाकडी-तिकडी लावा की."

"तुमी भाकरी आणलीया ती ठिवा आन् जावा," आबा म्हणाले. त्यांनी ती भाकरी तिथेच कठड्यावर बसून खाल्ली, ठेच्यासकट.

गौरी आल्या त्या दिवशी मी रजा काढली. दुपारी आळीतल्या बायका तांबे घेऊन आल्या. आम्ही दुःखातले, म्हणून मी आणि आबा मागच्या दाराच्या आत उभे राहिलो. तेरडा फुलला होता, गुलाबी आणि जांभळा. पोरींनी रोपं हलक्या हाताने उपटली, मुळांची माती आडाच्या पाण्याने धुतली आणि एकेक गौर पदराखाली घेऊन न बोलता निघाल्या. ज्या पोरीला रोप मिळालं नाही तिच्यासाठी मावशींनी भिंतीकडची शेवटची जुडीही काढली. थोड्या वेळाने कोपऱ्यात नुसती भोकं उरली. आबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

गौरींचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला निघालो. आबांनी घराला कुलूप लावून किल्ली मावशींकडे दिली. ट्रंक टपावर चढली. गाडीत ते खिडकीशी बसले आणि उंब्रजपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र बोलत होते. खोलीत त्यांची खाट कुठे ठेवणार, पाणी कधी येतं, जवळ फिरायला जागा कुठे आहे. माझंच बोलणं मला थांबवता येत नव्हतं.

कराडच्या स्टँडवर गाडी थांबली. आम्ही उतरून चहा घेतला. बशीतला चहा तसाच ठेवून आबा म्हणाले, "तेरड्याचं बी कवा पडतं?"

"गौरीनंतर. बोंडं तडकतात मग."

"आन् समदी तर बायकांनी न्हेली. तिच्या येळंला थोडी ऱ्हायची का?"

"भिंतीकडची आई काढू द्यायची नाही. बी पडायला ठेवायची."

"मग म्होरल्या साली काय उगवंल?"

आबा आता काय म्हणणार ते मला कळलं होतं.

"डोंगरावरची बोंडं अजून हिरवी असतील," ते म्हणाले. "आठ-पंधरा दिवसांत तडकायला लागतील. त्याआधी बोंडांसकट रोपं आणून लावली पायजेत."

"आबा, तुम्ही पुन्हा पडलात तर?"

"पडलो तर मावशी हाईत. भाकरी खातो म्हणतोय न्हवं मी?" आणि थोडं थांबून, "तुझ्याकडं येत न्हाई आसं न्हाई. पर तिथं बसून मला हेच सुचणार."

शनिवारी दुपारी तीच गाडी धरून मी कितीदा हेच करत आले होते. कंडक्टरने घंटी मारली आणि विचारलं, "बाबा, बसताय का?" आबांनी हाताने नाही म्हटलं. ट्रंक टपावरच होती. ती उतरवायला वेळ नव्हता. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि साताऱ्याच्या फलाटाकडे वळले. गाडी वळेपर्यंत त्यांची टोपी दिसत होती.

इस्लामपूरपर्यंत मी त्यांची जागा कुणाला दिली नाही. तिथे एक बाई मूल घेऊन चढली, तिला बसवलं.

ट्रंक माधवनगरला माझ्या खाटेखाली गेली. पुढच्या शनिवारी तिच्यातले आबांचे दोन सदरे आणि स्वेटर पिशवीत भरून मी साताऱ्याची गाडी धरली.