कारंज्याला लागलेले तीन दिवस

"बाग म्हणजे घराची सगळ्यात ओली खोली, आणि तिला छप्पर नाही," असं बटणकाका एकदा म्हणाले होते.

बटणकाका वायरमन. तीस वर्षं लोकांच्या बागांत वीज पुरत आलेले. काम संपलं की ब्रेकरवरचं चाचणीचं बटण घरमालकाला स्वतःच्या बोटानं दाबायला लावायचं, खटकन वीज गेली की मगच हत्यारं आवरायची. त्यावरून हे नाव पडलं. विशीत ओल्या गवतातल्या एका दिव्यानं त्यांना असं फेकलं होतं, की डाव्या हाताची दोन बोटं अजून थंड-गरम ओळखत नाहीत. वीज कायम तहानलेली असते, असं त्यांना तेव्हापासून वाटे. तिच्यावर राग मात्र नव्हता.

एका बुधवारी त्यांना एका निवृत्त ग्रंथपालांनी बोलावलं, तेव्हा बागेत दगडी कारंजं तयार होतं. खिडकीतून एक एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर आला होता. त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला सुतळी.

"हे काय, साहेब?"

"पाणी जाऊ नये म्हणून."

"पाण्याला सुतळी सोडवता येते."

ग्रंथपाल ओशाळले. मग खरं ते बोलले. पत्नी चार महिने इस्पितळात होती. शुक्रवारी पाचला घरी येणार होती. तिथल्या यंत्रांच्या पिपाण्या ऐकून ती विटली होती. घरात पाऊल टाकशील तेव्हा पाण्याचा आवाज ऐकवीन, असा त्यांनी तिला शब्द दिला होता.

काकांनी गुडघाभर चर खणला, जाड वायर पाइपातून नेली, वर विटांची रांग मांडली. "पुढे कुणी कुदळ मारली तर आधी वीट ओरडेल." घरातल्या बोर्डात विजेची गळती पकडणारा नवा ब्रेकर बसवला.

शुक्रवारी चार वाजता कारंज्याचा पंप सुरू केला आणि ब्रेकर पडला. चढवला, पुन्हा पडला. पंप काढल्यावर मात्र टिकून राहिला. काकांनी पंप उलटा करून पाहिला. नव्याकोऱ्या बुडाला केसाएवढी चीर होती; तिथून पाणी आत शिरत होतं आणि वीज बाहेर.

"एक संध्याकाळच," ग्रंथपाल घायकुतीला आले. "ब्रेकर वगळून जोडा ना. पाण्यात हात कोण घालतंय?"

"कारंजं बघून हात न घालणारा माणूस मी अजून पाहिला नाही."

"मग तिला काय सांगू?"

काकांनी घरी बायकोला फोन लावला. "अगं, तुझ्या पक्ष्यांच्या परातीतला पंप काढ. ट्रान्सफॉर्मरसकट."

"का? माझ्या पक्ष्यांनी काय घोडं मारलंय?"

"उद्या परत देतो."

"तुमचा उद्या मी लग्नापासून बघतेय."

पण वीस मिनिटांत ती स्कूटरवर हजर. "कुठं बसवताय ते दाखवा. कुठल्याही डबक्यात मी देणार नाही." मग कारंजं पाहून तिनं स्वतःच पंप पुढे केला. असं घरी क्वचितच घडे.

ट्रान्सफॉर्मर घराच्या आत, कोरड्या भिंतीवर बसला. पुरलेल्या वायरीतून बागेत आता जाणार होते फक्त बारा व्होल्ट, हात घातला तरी झटका न देणारे. काकांनी मीटर लावून सगळं तपासलं, मग ग्रंथपालांना बटण दाबायला लावलं. खटकन सगळं बंद.

"चढवा आता."

पाणी उठलं. वीतभरच, पण बोलकं.

पाचला गाडी आली. ग्रंथपालांची पत्नी काठी टेकत थेट कारंज्याकडे गेली, काठावर बसली आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. ग्रंथपाल पटकन पुढे झाले. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी सावकाश मान डोलावली.

"एवढंसं उडतंय होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, राजवाड्यासारखं असेल."

"दोन दिवसांत मोठा पंप बसवतो," काका म्हणाले.

"नको. मोठा झाला की तोही केकाटायला लागेल. हाच राहू दे."

"अहो, तो तर माझा..." काकांची बायको म्हणाली, आणि थांबली. "राहू दे, राहू दे. पक्ष्यांना साधं पाणीही चालतं."

मग दोघी पक्ष्यांवर बोलू लागल्या. ग्रंथपालही काठावर टेकले, त्यांचाही हात पाण्यात गेला. तिथं वीज आहे, हे आता कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. काकांनी ते थोडा वेळ पाहिलं, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, फाटक आवाज न करता ओढून घेतलं आणि रस्त्याला लागले.