खरवसासाठी दौंडची स्वारी

शिरूरहून दौंडला कुणी फिरायला जात नाही. दौंडला जायचं ते रेल्वे पकडायला, असा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळं रजेच्या अर्जावर काय कारण लिहू, असं मी विचारलं आणि ‘गोड खायला दौंडला चाललेय’ असं खरं सांगून टाकलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई चष्म्यावरून माझ्याकडं बघतच राहिल्या. मी भूगोल शिकवते. कुठं काय पिकतं ते पोरांना सांगायचं आणि स्वतः मात्र चाखायचं नाही, हा अन्याय मला फार दिवस सहन होत नाही.

पण ही स्वारी नुसती जिभेची नव्हती. आमची शाळेपासूनची मैत्रीण सुरेखा राहू गावाला दिलीय. घरी मोठा गोठा, त्यामुळं तिच्याकडं चीक (गाय व्याल्यावरचं पहिलं दूध) नेहमी असतो, आणि ती त्याचा काकवी (गूळ होण्याआधीचा पातळ पाक) घालून असा खरवस करते की खाणारा गप्पच बसतो. दौंडच्या एका कॅफेवाल्यानं तो कुठल्याशा बारशात खाल्ला आणि म्हणाला, एक दिवस माझ्या फ्रीजमध्ये ठेवून बघू. सुरेखा हरखली. तिच्या आत्या (सासूला सुना इकडं असंच म्हणतात) मात्र भडकल्या. “चीक शेजारीपाजारी वाटायचा आस्तो, इकायचा न्हाई!” शेवटी बऱ्याच रुसव्याफुगव्यानंतर त्यांनी हुकूम दिला, “एक दिस कर. पर खरवसाचा ग्लास शिल्लक घिऊन आलीस, तर पुन्यांदा ह्या घरात इकायचं नाव काढायचं न्हाई.”

सुरेखानं फोनवर एवढंच म्हटलं, “तुम्ही दोघी या गं. मला एकटीला धीर न्हाई.”

दोघी म्हणजे मी आणि मनीषा. मनीषा कारेगावजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. जगातली प्रत्येक वस्तू तिच्या लेखी ‘ओके’ तरी असते नाही तर ‘रिजेक्ट’. (तिच्या नवऱ्याचा निकाल अजून लागलेला नाही.) गुरुवारी कंपनीला सुट्टी, गाडी तिची, आणि बेतही तिचाच. “जाता जाता सगळीकडचं गोड खायचं. कॉम्पिटिशन काय हाय ते बघायला नको?”

पहिला मुक्काम शिरूरमधल्याच एका नव्या कॅफेत. भिंतीवर प्लॅस्टिकच्या वेली, झोपाळ्याच्या खुर्च्या, आणि आमच्या वयाचं दुसरं कुणीही नाही. मनीषानं ब्लूबेरी चीजकेक मागवला, बशी डोळ्यांसमोर धरून गोल फिरवली आणि म्हणाली, “फिनिशिंग चांगलंय. पर आतून नुसता गार. रिजेक्ट.” मग रिजेक्ट झालेला माल तिनं बशी चाटूनपुसून संपवला. मी रेड वेल्व्हेट घेतला होता. लिपस्टिक लावून आलेला साधा केक, दुसरं काही नाही. पण चांगला होता, खोटं कशाला बोलू.

न्हावऱ्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांनी आमची मिरवणूकच काढली. पुढं दोन, मागं एक, आणि मधे आमची इवलीशी गाडी. पारगावजवळ भीमेचा पूल ओलांडला की हवेत गुऱ्हाळाचा वास सुरू होतो, गरम, गोड, थोडा धुरकट. काच खाली करून आम्ही दोघींनी कुत्र्यांसारखी नाकं बाहेर काढली.

चौफुल्याच्या हॉटेलात सिझलिंग ब्राउनी मिळते असं बाहेर भल्यामोठ्या अक्षरात लिहिलं होतं. वाढायला बिहारकडचा एक माणूस होता. तो तापलेला तवा घेऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, थोडा पीछे हटिए.” मनीषा कशाला हटते! ती निरीक्षण करायला पुढं वाकली. वरून चॉकलेट पडलं, तवा कडाडला आणि तिच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या कुर्त्यावर तपकिरी नक्षी उमटली.

“गॉगल आन् एप्रन द्यायला पायजे आधी!” ती ओरडली. “सेफ्टी कुठाय तुमची?”

“दीदी, नींबू लगाइए, निकल जाएगा,” तो शांतपणे म्हणाला. लिंबानं डाग अजून पसरला. मी इतकी हसले की माझ्या नाकातून पाणी आलं.

दौंडला पोचेपर्यंत पोटं तट्ट झाली होती. कॅफे स्टेशनच्या रस्त्याला, जिना चढून वर. काचेच्या फ्रीजमध्ये सुरेखाचे ग्लास ओळीनं मांडलेले, खाली पिवळसर पांढरा खरवस आणि वर काकवीचा सोनेरी थर. पण ओळ जशीच्या तशी होती. एकही ग्लास हलला नव्हता. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून सुरेखाचा एक डोळा दिसला, आणि माझं हसू पळालं.

आम्ही अनोळखी गिऱ्हाईक म्हणून कोपऱ्यात बसलो. कॉलेजच्या मुलींचा घोळका आला, खरवसापुढं थबकला आणि वॉफल घेऊन गॅलरीत बसला. एक गृहस्थ म्हणाले, “ह्यात अंडं असंल,” आणि कॉफी घेऊन निघून गेले. मनीषा कुजबुजली, “आपणच खपवायचा. दुसरा उपाय न्हाई.”

पहिले दोन ग्लास आले. चमचा लावला तर खरवस नुसता थरथरला. जिभेवर गार, मऊ, आणि मग हळूच काकवीचा धूर. सकाळपासून जे जे खाल्लं ते मी त्या क्षणी विसरले. मनीषानं डोळे मिटले आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, “ओके.” तिच्या तोंडून हा शब्द इतक्या हळू मी कधी ऐकला नव्हता.

मग आणखी दोन. मग आणखी. मग मनीषा माझी ओढणी डोक्यावरून घेऊन, काळा चष्मा लावून काउंटरवर गेली आणि बदललेल्या आवाजात दोन मागितले. कॅफेवाला खुश! आमच्या टेबलावर रिकाम्या ग्लासांची रांग लागली. श्वास घ्यायला जागा उरली नव्हती, तरी आम्ही एकमेकींना टोचून भरवत होतो. शेवटचा ग्लास अर्धा झाला तेव्हा त्या कॉलेजच्या मुली उठून आल्या. “मावशी, तुम्ही मघापासून ते काय खाताय? आम्हालापण पायजे.”

“संपलं,” कॅफेवाला अभिमानानं म्हणाला.

मुली हिरमुसून गेल्या. खपवायच्या नादात खरं गिऱ्हाईक आम्हीच घालवलं होतं. पडद्याआडून सुरेखानं कपाळावर हात मारलेला मला स्पष्ट ऐकू आला.

आणि तेवढ्यात जिन्यावरून आत्या आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. वडापनं (जीपच्या सीटा भरून चालतं ते) राहूहून आल्या होत्या, कुणालाही न सांगता. दाराशी चपला काढून त्या आत आल्या.

“बाबा, हितं खरवस हाय म्हणं. एक द्या.”

“संपला की, आजी! त्या दोघी ताईंनी संपवला बघा.”

आत्या वळल्या. सुरेखाच्या लग्नात मी माझ्याच हातानं त्यांना पेढा भरवला होता. ओळखायला किती वेळ लागणार? ओढणी, चष्मा, चॉकलेटचा कुर्ता आणि ग्लासांची रांग, सगळं त्यांनी सावकाश बघितलं. सुरेखा पडदा सारून बाहेर आली, पांढरीफटक.

“घरच्या लेकींनी खाल्लं, त्याला खपलं म्हणत्यात व्हय?” आत्या म्हणाल्या.

त्या समोर बसल्या, माझा अर्धा ग्लास ओढला आणि तो एवढासा चमचा घेऊन शेवटपर्यंत खाल्ला. मग सुनेकडं बघून म्हणाल्या, “वेलदोडा कमी पडलाय. दुसरी गाय व्यालीय, उद्या वेलदोडा म्या घालते. आजचा दिस धरायचा न्हाई. आन् ह्या दोघी उद्या दौंडात दिसल्या न्हाई पायजेत!”

परतताना आत्या पुढच्या सीटवर बसल्या आणि राहूपर्यंत मनीषाला गाडी कशी चालवायची ते शिकवत राहिल्या. त्यांनी स्वतः बैलगाडीपलीकडं कधी काही हाकलेलं नाही. सुरेखा मागं माझा हात घट्ट धरून होती. आम्हाला हसू आवरत नव्हतं, आणि मधूनच ती डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात नद्यांची नावं शिकवत होते, पण जीव भीमेकाठी. प्रवासाला गेलेल्यापेक्षा मागं राहिलेल्याचे हाल जास्त असतात, हे मला त्या दिवशी कळलं. मधल्या सुट्टीनंतर फोन आला.

“संपला गं!” सुरेखा हसत होती की रडत होती, कळेना. “आत्या सकाळपास्नं कॅफेच्या दारातच बसल्याती. ज्यो खरवस घेईल त्याला इचारायच्या, ‘कुठलं गाव? सुरेखाच्या वळखीचं हाय का?’ एकबी न्हाई निघालं वळखीचं! रेल्वेतला एक डायवर तर पार नागपूरकडचा. म्या म्हटलं, आत्या, बगा, परक्या लोकांना इकला आपण चीक.”

“मग?”

“तर म्हणाल्या, ‘गाव इचारलं, नाव इचारलं. आता परकं कोण ऱ्हायलं?’”