भावाचा मराठी टाइप
देवास गेटच्या कॉम्प्युटरवाल्याने मला फसवलं, आणि तेही हसत हसत. नव्या खोक्यातल्या थर्माकोलचा वास आला की आजही तो माणूस आठवून किळस येते. आमच्या हिंदी बोलणाऱ्या गावात कॉम्प्युटर नवे होते तेव्हा माधव नगरात माझा छोटा छापखाना होता. थोरल्या भावाने दोन वर्षं डोळे फोडून एकेक अक्षर काढलेला आमचा मराठी टाइप, म्हणजे छपाईचा फॉन्ट, मॅकवर होता, बाकीचं काम विंडोजवर. दोन्हींची नक्कल एका जागी राहावी म्हणून मी नेटवर्कला जोडायची बॅकअप डिस्क घेतली. घासाघीस करून भाव पाडला, हे खरं. "भिया, दोनों में चलेगी न?" मी तीनदा विचारलं. "अरे, दौड़ेगी!" गुटख्याने बरबटलेलं बोट माझ्या कीबोर्डला पुसत तो म्हणाला. फायली डिस्कवर उतरल्यावर तेच बोट त्याने पडद्यावर ठेवलं. "नाम आ गए न? मतलब माल आ गया. अब मॅक साफ कर दो." मी केला. दुसऱ्या दिवशी टाइपच्या फायली उघडल्या, तर नावं जागेवर आणि आत शून्य. मॅकच्या फायली आतल्या मालासकट उतरायला लागणारं वेगळं सॉफ्टवेअर त्याने खोक्यातून आधीच काढून घेतलं होतं. मी दुकानात जाऊन जाब विचारला. "उतने में उतना ही आता है, साहब," तो पचकन थुंकून म्हणाला. भावाचा हात आता कापतो, ती अक्षरं तो पुन्हा काढू शकत नाही. भाव पाडला मी, मग शिक्षा त्याला का, हे त्या माणसाने माझ्या भावासमोर उभं राहून सांगावं.